फॉरमॅट मारण्याआधी

जुलैमधली गोष्ट. कोयनानगरला पाऊस लागला की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. त्या पावसात रात्री साडेआठला मला पुण्यात फोन आला. आमच्या अभ्यासिकेतली बारावी झालेली एक मुलगी बोलत होती.

"अस्सलामु अलैकुम चाचा. कॉम्प्युटर मेला."

"वालैकुम अस्सलाम. मेला म्हणजे काय झालं बेटा?"

"कंपनीचं चिन्ह येतं, मग सगळं काळं. कोपऱ्यात एक रेघ दिसते, बस्स. दुकानवाला भाई म्हणतो लिनक्स उडालं, उद्या फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो. मारू द्यायचं का?"

या एका प्रश्नावर आज लिहायचं आहे. विषय तांत्रिक आहे, पण ज्याच्या घरात, मदरशात किंवा अभ्यासिकेत एक जुना संगणक आहे, त्या प्रत्येकाशी त्याचा संबंध आहे.

आधी त्या मशीनमध्ये काय होतं ते सांगतो. ओबीसीचा दाखला काढायचा तर महाराष्ट्रात 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. आपल्यातल्या बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन अशा घरांना ही तारीख तोंडपाठ आहे. कोयना खोऱ्यात त्याच वर्षी, अवघ्या दोन महिन्यांनी, 11 डिसेंबरच्या पहाटे भूकंप झाला. घरं झोपेत असताना भिंती आल्या. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, हजारो बेघर झाली. ज्या घरांत माणसं वाचली, तिथे पत्र्याच्या पेट्या आणि त्यातले कागद मातीखाली गेले. अशा घरातल्या मुलीला आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा मिळवायला किती फेऱ्या माराव्या लागतात, ते ज्याने मारल्या त्यालाच ठाऊक. या मुलीच्या वडिलांनी तो उतारा मिळवला होता. मूळ प्रत भावाच्या कामासाठी मुंबईला गेली होती आणि स्कॅन केलेली प्रत त्या एकाच मशीनमध्ये होती. प्रवेशाचा अर्ज भरायला चार दिवस उरले होते. तिच्यासारख्या आणखी दहा-बारा मुलांचे दाखले, फोटो, नोट्स त्याच डिस्कवर होते.

फॉरमॅट मारला असता तर हे सगळं गेलं असतं. दुकानवाल्या भाईचा त्यात वाईट हेतू नव्हता. त्याला तेवढा एकच उपाय येत होता.

मी तिला विचारलं, "पंखा फिरतोय का?" फिरत होता. "कीबोर्डवर नम लॉक लिहिलेलं बटण आहे, ते दाब. दिवा लागतो-विझतो का?" लागत-विझत होता. "मग मेलेला नाही. आत सगळं चालू आहे, फक्त आपल्याला दाखवत नाही."

ही पहिली परीक्षा प्रत्येकाने लक्षात ठेवावी. पडदा काळा आहे आणि नम लॉकचा दिवा हुकूम ऐकतो आहे, याचा अर्थ बहुतेक वेळा लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो जागा आहे. बिघाड चित्र काढणाऱ्या भागात आहे.

मग तिला कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 ही तीन बटणं एकदम दाबायला सांगितली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव विचारणारी ओळ आली. तिने नाव आणि पासवर्ड दिला. मग मी एक छोटी आज्ञा अक्षर-अक्षर सांगितली: एल, एस, पी, सी, आय, मग जागा सोडून आडवी रेघ आणि के. ही आज्ञा मशीनमध्ये जोडलेल्या प्रत्येक भागाचं नाव सांगते आणि त्याच्याखाली त्या भागाला सध्या कोणता ड्रायव्हर चालवतो आहे ते सांगते. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि कर्नल यांच्यामधला दुभाष्या.

मुलगी मराठी माध्यमातली. इंग्रजी अडखळत, पण न घाबरता वाचत होती. ग्राफिक्सच्या दोन नोंदी निघाल्या. एक मदरबोर्डमध्येच असलेलं इंटेलचं कार्ड. त्याच्याखाली आय915 हा ड्रायव्हर कामावर असल्याची ओळ होती. दुसरं, वरून बसवलेलं कार्ड. त्याच्याखाली ती ओळच नव्हती.

"चाचा, याच्या खाली कोणी नाही."

तिने स्वतःच निदान केलं होतं. मी म्हटलं, "मॉनिटरची केबल मागे कुठे लावली आहे बघ. खाली, आडव्या पट्टीत? मग वरती, कीबोर्ड-माऊसच्या खोचणींजवळ तशीच आणखी एक जागा असेल. केबल काढ आणि तिकडे लाव."

दहा सेकंदांत ती ओरडली. नेहमीचा निळा पडदा नाव विचारत उभा होता. आमचा डेस्कटॉप कधीचाच तयार होऊन बसला होता, पण ज्या दारात आम्ही उभे होतो त्या दारात नव्हता. त्या रात्री तिने सगळ्या मुलांचे कागद पेन ड्राइव्हवर घेतले आणि मगच घरी गेली.

आता हे झालं का, ते सांगायला हवं, आणि त्यात मला माझीच चूक कबूल करायची आहे.

ते दुसरं कार्ड मीच बसवलं होतं. दोन वर्षांपूर्वी अभ्यासिकेचं मशीन लिनक्सवर आणलं, कारण विंडोज 11 त्या जुन्या मशीनवर चढत नव्हतं. मुलांचे व्हिडिओ अडखळत होते, म्हणून माझ्याकडचं पडून असलेलं कार्ड लावलं. जुनं कार्ड आणि मदरबोर्डचं कार्ड अशी दोन्ही चालू ठेवली, म्हणजे पुढे कधी दोन मॉनिटर जोडता येतील. लिनक्ससोबत येणारा मुक्त ड्रायव्हर त्या कार्डावर संथ वाटला, म्हणून कार्डाच्या कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर टाकला. दोघे एकाच कार्डाचा ताबा घेऊ शकत नाहीत. म्हणून मुक्त ड्रायव्हरला "तू येऊ नको" असं एका फाइलमध्ये लिहिलं. सगळं छान चाललं. मी पुण्याला परत आलो आणि ही गोष्ट कुठेही लिहून ठेवली नाही.

बंदिस्त ड्रायव्हरचं एक वैशिष्ट्य असतं. कर्नल बदलला की त्याला त्या नव्या कर्नलसाठी आपला जोडभाग पुन्हा तयार करावा लागतो. कुलूप बदललं की किल्लीही नवी घडवावी लागते, तसंच. बहुतेक वेळा हे काम पडद्यामागे आपोआप होतं. पण कार्ड जुनं असेल, त्याच्या पिढीच्या ड्रायव्हरकडे आता कोणी लक्ष देत नसेल, तर एखाद्या अपडेटनंतर किल्ली बनतच नाही. आमच्याकडे तेच झालं. नवा कर्नल आला, बंदिस्त ड्रायव्हर तयार झाला नाही आणि मुक्त ड्रायव्हरला मीच मनाई केलेली. कार्ड पोरकं झालं. तिकडे मशीन चालू होताना पहिलं चिन्ह दाखवण्याचा मान त्याच कार्डाला होता, केबलही त्यालाच होती. चिन्ह दिसलं, पुढचं चित्र इंटेलकडे गेलं आणि इंटेलच्या खोचणीत केबल नव्हती.

म्हणजे लिनक्स उडालं नव्हतं. दोन कार्डं, दोन ड्रायव्हर आणि एक विसराळू माणूस, एवढाच मामला होता.

हे फक्त आमच्याच मशीनचं दुखणं नाही. आज बाजारात मिळणाऱ्या कित्येक लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधलं एक आणि वेगळं दुसरं अशी दोन ग्राफिक्स कार्डं असतात. एनव्हिडियाने 2010 मध्ये ऑप्टिमस नावाने ही दोन कार्डांची सोय आणली तेव्हा लिनक्सवर ती नीट चालत नव्हती आणि बाहेरच्या स्वयंसेवकांनी बंबलबी नावाचा जुगाड उभा केला. 2012 मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनसला, म्हणजे लिनक्सच्या जनकाला, याबद्दल प्रश्न विचारला गेला तेव्हा त्याने भर सभेत या कंपनीला बोट दाखवून शिवी दिली. ती चित्रफीत जगभर फिरली. पुढे मे 2022 मध्ये त्याच कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग खुला केला, पण तो नव्या पिढीच्या कार्डांसाठी. इंटेल आणि एएमडीचे मुक्त ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात, म्हणून त्यांच्याकडे हा प्रश्न कमी येतो. जुनं मशीन लिनक्ससाठी घेणाऱ्याने एवढं एक ध्यानात ठेवलं तरी पुढचे खूप फोन वाचतील.

लॅपटॉपमध्ये केबल हलवण्याची सोय नसते. तिथे काय करायचं, तेही थोडक्यात सांगतो.

मशीन चालू करताच शिफ्ट दाबून ठेवा किंवा एस्केप दाबा, म्हणजे ग्रब नावाची यादी येते. त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडून पाहा. अपडेटनंतरचा काळा पडदा पुष्कळदा एवढ्यानेच जातो. नाही गेला तर यादीतल्या पहिल्या ओळीवर ई दाबा. लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी क्वाएट आणि स्प्लॅश असे दोन शब्द दिसतील. ते काढा आणि त्यांच्या जागी नोमोडसेट हा शब्द, मध्ये जागा न सोडता, लिहा. मग एफ10. नोमोडसेट म्हणजे कर्नलला सांगणं, की कोणत्याही कार्डाचा खास ड्रायव्हर घेऊ नको, मशीनने दिलेलं साधं चित्रच वापर. पडदा मोठाड आणि ओबडधोबड दिसेल, पण बहुतेक वेळा दिसेल. हा बदल एका खेपेपुरताच असतो, त्यामुळे काही बिघडत नाही. आत गेल्यावर ड्रायव्हर दुरुस्त करायचा.

आणखी एक जागा आहे जिथे लोक फसतात. सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर बंदिस्त ड्रायव्हर टाकला, की पुढच्या वेळी एक निळा पडदा किल्लीची नोंद करायची का विचारतो. घाबरून आपण कंटिन्यू दाबतो. मग कर्नल त्या ड्रायव्हरला अनोळखी म्हणून दारातच उभा करतो. तो निळा पडदा वाचावा, टाकताना दिलेला पासवर्ड द्यावा आणि नोंद करावी.

आणि काहीच जमलं नाही, फॉरमॅटच मारायचं ठरलं, तरी आधी लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावून त्यावरून मशीन चालू करा. डिस्कला हात न लावता आतल्या फाइली दिसतात. त्या दुसरीकडे घ्या. मग काय हवं ते करा.

क्वाएट आणि स्प्लॅश या दोन शब्दांवर थोडं थांबतो. मशीन चालू होताना कर्नल शेकडो ओळी बोलत असतो: हे सापडलं, ते जोडलं, हे जमलं नाही. सामान्य माणूस घाबरू नये म्हणून या दोन शब्दांनी त्याचं तोंड बंद केलेलं असतं आणि वर सुंदर चित्र टाकलेलं असतं. सगळं ठीक असताना हे बरं आहे. बिघाड झाला, की त्याच चित्रामागे उत्तर दडतं. आपण म्हणतो मशीन काही सांगत नाही. ते सांगत असतं, आपण ऐकण्याची सोय काढून ठेवलेली असते.

कोयनेच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. 1962 पासून धरणात पाणी अडू लागलं तसे खोऱ्यात हादरे जाणवू लागले. लोकांच्या तक्रारी आल्या, भूकंपमापक बसवले गेले, नोंदी होऊ लागल्या. मोठा भूकंप आला तेव्हा धरणाच्या भिंतीला वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. तेव्हा धरण पाडून नवं बांधा असं कोणी केलं नाही. भेग नेमकी कुठे आहे ते शोधलं, ती बुजवली, पोलादी केबलींनी भिंत आवळली, मागून काँक्रीटचा आधार दिला. तीच भिंत आज उभी आहे आणि तिच्या पाण्यावर राज्यभर दिवे लागतात. ज्या गावाने हे पाहिलं, त्या गावात संगणकाला काळा पडदा आला की पहिला शब्द "फॉरमॅट" निघावा, याचं मला वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट थोडी टोचेल, पण बोलतो. फॉरमॅटनंतर जे विंडोज "टाकून" मिळतं, ते बहुतेक वेळा चोरीचं असतं. तीनशे-चारशे रुपयांत कोणी विकत घेऊन देत नाही. आपण हॉटेलात बसलो की कोंबडी हलाल आहे का, हे दहादा विचारतो. मदरशाच्या कार्यालयातल्या संगणकावर काय चाललं आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. लिनक्स फुकट आहे म्हणून ते गरिबांचं असं नाही. ते ज्यांनी बनवलं त्यांनी राजीखुशीने दिलेलं आहे, म्हणून आपल्यासाठी स्वच्छ आहे. पण ते वापरायचं तर त्याची काळजी घेण्याची अक्कलही आपल्याला मिळवावी लागेल. फुकट मिळालं आणि बिघडलं की टाकून दिलं, यात त्याची कदर नाही.

विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. त्यामुळे धडधाकट असूनही जुनी ठरलेली पुष्कळ मशीनं कचऱ्यात किंवा दानात जाणार आहेत. आपल्या जमातीतली नोकरीला लागलेली मुलं अशी मशीनं गावाकडे पाठवतात, सदका-ए-जारियाच्या नियतीने. नियत चांगलीच आहे. पण जारिया म्हणजे वाहतं राहणारं. माणूस गेल्यावरही ज्याचं सवाब पोचत राहतं असं सांगितलं आहे, त्यात चालू राहणारा सदका आहे आणि त्याच्याच शेजारी लोकांना उपयोगी पडणारं ज्ञान आहे. आम्ही पहिलं देतो आणि दुसरं विसरतो. तीन महिने काळा पडदा घेऊन कोपऱ्यात बसलेला, वर कापड टाकलेला संगणक हा वाहता सदका कसा म्हणायचा?

केरळच्या सरकारी शाळांत मुलं गेली अनेक वर्षं लिनक्सवर शिकतात, आणि त्यांची पुस्तकं, शिक्षकांचं प्रशिक्षण हे मल्याळममध्ये आहे. आपल्याकडे सी-डॅकने बॉस नावाचं भारतीय लिनक्स बनवलं, त्यात मराठी आहे. लिनक्सच्या पडद्यांचं मराठी भाषांतर करणाऱ्यांनी पुण्यात बसून वर्षानुवर्षं मन लावून काम केलं. तरीही मशीन अडलं की काय करायचं, हे मराठीत शोधायला गेलं की हाती फार थोडं लागतं. मेनूवर "फाइल उघडा" लिहिलेलं असून भागत नाही. दार अडकलं तर ते कसं उघडायचं, हे आपल्या भाषेत लागतं. आपल्यातले जे चार लोक या धंद्यात आहेत, त्यांनी महिन्यातून एक पान तरी यावर मराठीत लिहावं.

यावर कोणी म्हणेल, एवढी उठाठेव कोण करणार? सगळ्यांनी तंत्रज्ञ व्हायचं का? मुळीच नाही. दुकानवाला भाईही पोटासाठीच धंदा करतो. तासभर शोधण्यापेक्षा वीस मिनिटांत फॉरमॅट त्याला परवडतो, आणि शोधायचे पैसे आपण देत नाही. तिथेही चूक आपलीच. "भाई, फॉरमॅट नको, बिघाड शोध, तासाचे पैसे घे," असं म्हणायला आपण शिकलं पाहिजे. त्या मुलीने तंत्रज्ञान शिकलं नव्हतं. तिने फक्त पडद्यावरचं न घाबरता वाचलं आणि जे नाही ते "नाही" म्हणून सांगितलं. एवढं प्रत्येक अभ्यासिकेत एकाला आलं तरी पुरे.

पुढच्या रविवारी मी एसटीने कराडला आणि तिथून चिपळूणच्या गाडीने कोयनानगरला गेलो. माझी ती मनाईची ओळ काढली, बंदिस्त ड्रायव्हर काढला, मशीनच्या सेटिंगमध्ये मदरबोर्डचं कार्ड पहिलं केलं. आणि ते दुसरं कार्ड काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं. व्हिडिओ आता थोडे कमी दर्जाचे लावावे लागतात, पण चालतात. दान दिलेली प्रत्येक वस्तू बसवलीच पाहिजे असं नाही, हे मला माझ्याच वस्तूने शिकवलं.

मग एक शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर मी काय बसवलं होतं, काय काढलं, कोणत्या तारखेला, ते मराठीत लिहिलं. दुसऱ्या पानावर त्या मुलीने लिहिलं: "पडदा काळा आला तर आधी नम लॉक दाबून बघणे." तिसऱ्या पानावर, दर शुक्रवारी पेन ड्राइव्हवर प्रत कोण घेणार, त्यांची पाळी.

तिचा अर्ज वेळेत गेला. वही मॉनिटरच्या बाजूला दोरीने बांधून ठेवली आहे. तुम्ही गावाकडे मशीन पाठवणार असाल तर सोबत एक वही पाठवा, आणि ती पहिल्या पानापासून कोरी देऊ नका.